सोमवारची मापं

अण्णा पाचव्या खेपेला दाखल झाले तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनी सरळ फर्मानच काढलं. घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला आणि शुक्रवारी अकराला घेऊन या. दोन्ही घरांतल्या.

ते ‘दोन्ही घरांतल्या’ वहिनीला दोन दिवस सलत होतं. तिच्या सासऱ्यांचं, अण्णांचं, घर एकच होतं. खाली शिवणाचं दुकान, वर तीन खोल्या, आणि त्यांतली खिडकीची खोली अण्णांची. नणंदबाई चिमी शुक्रवारी संध्याकाळी त्यांना घेऊन जातात आणि सोमवारी सकाळी आणून सोडतात, म्हणून काय ते दुसरं घर झालं? पाहुणचार झाला तो. पण बुधवारी चिमी डॉक्टरांसमोर बोलून गेली होती, “आमचे हृदयाचे डॉक्टर तर वेगळंच सांगतात.” सिस्टरनी तिथेच कान टवकारले. “आमचे म्हणजे कुणाचे?” त्या म्हणाल्या, आणि मग हे पिशव्यांचं निघालं.

शुक्रवारी वहिनी पावणेअकरालाच पोचली. उशीर करून चिमीला खुर्ची मिळू द्यायची तिची तयारी नव्हती. खुर्ची एकच होती, अण्णांच्या उजव्या हाताला, आणि तिथे चिमी आधीच बसलेली होती.

“ये ना वहिनी,” चिमी गोड हसून म्हणाली. “पायथ्याशी बस. जागा आहे.”

अठरा वर्षांपूर्वी वहिनी लग्न होऊन आली तेव्हा चिमी सव्वीस वर्षांची होती. आता चव्वेचाळीसची झाली, चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं लोकांचे डोळे तपासून तिचे स्वतःचे अधू झाले, तरी अण्णा तिला चिमीच म्हणत. ‘माझी चिमी.’ वहिनीला ते ‘सूनबाई’ म्हणत, आणि त्या आधी ‘माझी’ कधी लागल्याचं तिला आठवत नव्हतं. ती कॉटच्या पायथ्याशी बसली आणि मांडीवर पिशवी घेतली.

अण्णा उशीला टेकून होते. सोमवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर भोवळ येऊन कोसळले तेव्हापेक्षा रंग बरा होता, पण गाल आत गेले होते आणि आठवड्याभराची पांढरी दाढी वाढली होती. एकदा सुनेकडे, एकदा लेकीकडे बघून त्यांनी डोळे मिटून घेतले. शेजारच्या कॉटवरचे निवृत्त पोस्टमन मात्र चांगले सरसावून बसले होते. त्यांच्याकडे भेटायला कुणी येत नसे, त्यामुळे इतरांच्या भेटीची वेळ ते सोडत नसत.

दादा आला तो घामाघूम. तो शाळेची बस चालवायचा आणि दोन फेऱ्यांच्या मधे पळत आला होता. बसमधे मागे पोरांची जुंपली की आरशात बघून एक आवाज टाकायचा, की सगळं गप्प, ही त्याची पद्धत. बायको आणि बहीण यांच्या बाबतीत त्या पद्धतीचा आजवर काडीचा उपयोग झाला नव्हता. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

“एक वाजता मला शाळेवर पोचायचंय,” त्यानं आल्याआल्या जाहीर केलं.

“तुम्ही काय, उभ्या उभ्याच येणार आणि उभ्या उभ्याच जाणार,” वहिनी म्हणाली.

सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात साखळीला चष्मा. त्यांनी जेवणाचं चाकाचं टेबल ओढून कॉटवर आडवं घेतलं, त्यावर पांढरा कागद पसरला आणि म्हणाल्या, “हं. ओता.”

“आधी कोण?” चिमीनं विचारलं.

“इथे बक्षीस समारंभ नाहीये. कुणीही.”

वहिनीनं पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. तो बटणांचा डबा होता. अण्णांच्या वडिलांच्या वेळचा, आत बारा कप्पे. हे आजोबा साखरेनं पाय गेल्यावरसुद्धा दोन वर्षं एका पायानं मशीन चालवत होते, आणि शिंपल्याचं, काचेचं, हाडाचं बटण डोळे मिटून या डब्यातून काढत. अण्णांना साखरेपाठोपाठ हृदयाचंही दुखणं लागलं, तेव्हा वहिनीनं डबा धुऊन घेतला आणि कप्प्यांत गोळ्या भरायला सुरुवात केली. शुक्रवारी अण्णा निघाले की तीन दिवसांच्या गोळ्या भरलेला डबा त्यांच्या पिशवीत जायचा आणि सोमवारी रिकामा परत यायचा. सहा वर्षांत एक गोळी कधी उरली नाही. सोमवारी झाकण उघडून ते रिकामे कप्पे बघायला तिला फार आवडायचं.

“हे इन्शुलिनचं पेन. इंजेक्शन मीच देते. सुई धरायची सवय आहेच,” ती म्हणाली. हे शेवटचं वाक्य सिस्टरसाठी नव्हतं.

चिमीला ते जिथे लागायचं तिथे लागलंच. दहा वर्षांची असताना ती मशीनशेजारी उभी राहून ‘मला पण शिकवा’ म्हणत असे, आणि अण्णा म्हणत, जा, अभ्यास कर, या धंद्यात डोळे जातात. मग ही परक्या घरची पोर आली आणि वर्षाच्या आत अण्णांनी आपली मोठी कात्री हिच्या हातात दिली. दुकान दिलं. आज पाटीवर नाव कुणाचंही असो, गिऱ्हाइकं ‘बाईंकडे टाकलंय’ म्हणतात. चिमीकडे काय आलं? शुक्रवार, शनिवार, रविवार. मग त्या तीन दिवसांत तिनं शहरातले सगळ्यात नावाजलेले हृदयाचे डॉक्टर गाठले, यात तिचं काय चुकलं? घरच्या गल्लीतल्या साखरेच्या डॉक्टरवर बापाला सोडायचं?

तिनं आपली पिशवी उघडली. तिच्या गोळ्या चष्म्याच्या डब्यांत होत्या, प्रत्येक डब्यावर सुवाच्य अक्षरात वेळ लिहिलेली.

“बघा, किती व्यवस्थित,” शेजारून पोस्टमन म्हणाले. कुणाच्या बाजूनं ते कळू दिलं नाही.

सिस्टर गोळ्या एकेक करून मांडत होत्या. त्यांचा हात मधेच थांबला. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“आजोबा लिहून काय ठेवतात?” त्यांनी वर न बघता विचारलं. “सोमवारी यांच्या खिशात मापाची टेप होती. मला म्हणाले, रोज घोटा मोजतो.”

“वही आहे ना,” दादा म्हणाला. एवढी एकच कामगिरी त्याच्यावर होती आणि ती त्यानं पार पाडली होती. बसच्या चाव्यांबरोबर त्यानं निळी वही काढली. अण्णांची मापाची वही. पुढून गिऱ्हाइकांची जुनी मापं, छाती, खांदा, बाही. मागून उलटी धरली की तीन वर्षांचा डावा घोटा. रोज सकाळी, उठल्यावर, चहाच्या आधी. पायावर सूज आली की डॉक्टरांना कळवा असं कुणीतरी सांगितलं होतं. सूज म्हणजे किती, हे कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी जन्मभर अंदाजानं काही कापलं नव्हतं, त्यांनी टेप काढली.

“वाचा,” सिस्टर म्हणाल्या.

“बुध, साडेनऊ. गुरू, पावणेदहा. शुक्र, पावणेदहा. मग शनी साडेनऊ, रवी सव्वानऊ, सोम नऊ.” दादानं पान उलटलं. “गुरू पावणेदहा... सोम नऊ. इथे पण सोम नऊ. सोम पावणेनऊ.”

तो थांबला. वहीत काय आहे ते त्याला वाचतावाचता कळलं आणि आता वही मिटावी तर कशी, ते कळेना.

चिमीला त्याच्याआधी कळलं होतं.

“परत वाच ना दादा,” ती म्हणाली. “सोमवार सोमवार वाच.”

“अगं, जाऊ दे.”

“का जाऊ दे? लिहिलंय त्यांनी स्वतःच्या हातानं. मी म्हणत नाहीये. माझ्याकडे तीन दिवस राहिले की सूज उतरते आणि इकडे आले की चढते. इंचात आहे, वहिनी. तुला तर इंच कळतात.”

वहिनीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. सहा वर्षं. आई, म्हणजे सासूबाई, गेल्यापासूनची सहा वर्षं. मीठ तोलून घातलं, पाणी पेल्यानं मोजून दिलं, रोज पायांची बोटं दिव्याखाली धरून बघितली, बारीकशी जखम तर नाही ना. धाप लागली की मागे तीन उशा लावून बसून राहिली. आणि वही म्हणत होती की हे सगळं करून जो घोटा फुगतो, तो चिमीच्या घरी नुसतं टीव्ही बघून उतरतो. तिला अण्णांचा राग आला. लिहायचं कशाला? आणि खरं लिहायचं कशाला?

“तिथे काय, चालणं नाही, काम नाही. पाय वर करून बसवत असतील,” ती म्हणाली.

“म्हणजे आराम मिळतो, असंच ना?”

“वन्सं, तीन दिवस कुणालाही जमतं.”

“चार दिवस तुला जमत नाहीयेत, वही सांगतेय.”

“झालं का?” सिस्टर म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी पोस्टमनसुद्धा नीट बसले. “आता मी वाचते. गेल्या वर्षभरात हे इथे पाच वेळा दाखल झाले. तारखा आहेत माझ्याकडे. सोमवार. सोमवार. मंगळवार. सोमवार. आणि हा सोमवार. काय झालं होतं? उभे राहिले आणि भोवळ आली. रक्तदाब खाली, किडनी कुरकुरतेय, अंगातलं पाणी आटलेलं. पाचही वेळा तेच.”

त्यांनी कागदावरच्या दोन पट्ट्या पुढे सरकवल्या. एक चंदेरी, एक निळसर.

“ही बटणांच्या डब्यातली. ही चष्म्याच्या डब्यातली. कंपन्या दोन, नावं दोन. मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. आत औषध एकच. पाणी उतरवायची गोळी. साखरेच्या डॉक्टरांनी सूज बघून दिली, हृदयाच्या डॉक्टरांनी सूज बघून दिली. दोघांचं बरोबर. पण हे शुक्रवार ते सोमवार दोन्ही घेत होते.”

चिमीनं निळसर पट्टी उचलली, नाकाजवळ धरली, चंदेरी उचलली. बारीक अक्षर वाचणं हा तिचा धंदाच होता.

“सूज उतरत होती ना, बाई, ती तुमच्या आरामानं नाही,” सिस्टर म्हणाल्या. “आम्ही यांना वाळवत होतो.”

“आम्ही” असं त्या का म्हणाल्या कोण जाणे. कदाचित दया आली असावी.

“मग पाच वेळा तुम्हाला कसं नाही कळलं?” दादा पहिल्यांदाच तडकला.

“पाचही वेळा आणणाऱ्यांनी एकच पिशवी आणली. आजोबांना विचारलं, अजून काही घेता का, तर म्हणाले, नाही, एवढंच. साखर आणि हृदय दोन्ही असलेली माणसं दवाखान्यात कमी येतात असं नाही, उलट सारखी येतात. पण दर वेळी वेगळ्या दारानं येतात.”

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मिटलेले डोळे उघडले नाहीत.

“अण्णा,” चिमी म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं होतं. तिकडे हृदयासाठी काही देतात का? तुम्ही म्हणालात, नाही, नुसत्या साखरेच्या.”

“म्हणालो.”

“आणि मला म्हणालात, चिमीकडे काही देत नाहीत, फक्त तपासून आणते,” वहिनी म्हणाली.

“तुलाही म्हणालो.” त्यांनी डोळे उघडले. धाप लागू नये म्हणून ते तुकड्या तुकड्यानं बोलत. “सोमवारी डब्यात एक गोळी दिसली तर सूनबाईचं तोंड दिवसभर एवढंसं. आणि ही पाण्याचा पेला घेऊन पुढ्यात उभी. गिळेपर्यंत हलत नाही. नाही कुणाला म्हणू? म्हटलं, दोन्ही गोळ्याच आहेत. दोन्ही माझ्याच भल्याच्या. पोटात जाऊन काय भांडणार आहेत?”

“अहो पण विचारायचं तरी!” दोघी एकदमच म्हणाल्या.

“कुणाला विचारायचं? हिच्यापुढे तिच्या डॉक्टरचं नाव काढायची सोय नाही. तिच्यापुढे हिच्या डब्याचं.”

पोस्टमन ‘खरंय’ म्हणायला तोंड उघडत होते, पण दादानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाणी प्यायला लागले.

सिस्टरनी आज घरी सोडायचा कागद काढला. उद्यापासून एकच यादी, एकच घर, निदान महिनाभर. रोज सकाळी वजन, घोटा, साखर, आणि नऊ वाजता वॉर्डातून फोन येईल त्यावर आकडे सांगायचे. दोन किलो वजन वाढलं तर थांबायचं नाही, यायचं. “आणि इथे एक नाव लिहायचंय. जबाबदार माणूस. एकच. दोन लिहिली की दोघांना वाटतं दुसऱ्यानं पाहिलं असेल.”

या एका ओळीसाठी या घरात सहा वर्षं धुसफूस चालली होती, हे सिस्टरना माहीत असायचं कारण नव्हतं. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हाही कुणाकडे ठेवायचं यावरून असंच झालं होतं, आणि ठरेपर्यंत आईच राहिली नव्हती.

दादाला वाटलं, आपण ‘माझं लिहा’ म्हणावं. मुलगा आहे मी. पण सकाळी नऊला तो दुसऱ्या फेरीवर असे, आणि खरं सांगायचं तर साखर किती म्हणजे जास्त, हेही त्याला पक्कं ठाऊक नव्हतं.

“वहिनीचं लिहा,” चिमी म्हणाली. तिनं चष्म्याचे डबे एकात एक घालायचा प्रयत्न केला, ते जाईनात, तिनं तसेच पिशवीत कोंबले. “दुकान तिचं, घर तिचं, अण्णा पण लिहून टाका एकदाचे. मी खालून नवीन औषधं घेऊन येते. तेवढं जमेल ना मला?”

ती उठून गेली. दादा तिच्यामागे गेला. सिस्टरना समोरच्या कॉटवरून हाक आली, त्या “नाव घालून सही करून ठेवा” म्हणून पेन वहिनीच्या हातात देऊन गेल्या.

खुर्ची रिकामी झाली. वहिनी तिच्यावर जाऊन बसली. अजून ऊबदार होती.

जिंकलो की आपल्याला कसं वाटेल याचा तिनं पुष्कळदा विचार केला होता. दुकानात काजं करताना, एकटीनं. आता कागद समोर होता, चिमी सगळ्यांदेखत तोंडघशी पडली होती, आणि वहिनीला छान वाटतही होतं. खोटं कशाला बोला. अगदी आतून छान वाटत होतं. तिनं पेनाचं टोपण काढलं.

“सूनबाई.”

“काय अण्णा? पाणी?”

“तो निळ्या रेघांचा शर्ट. खुंटीवरचा.”

तिचा हात थांबला.

“तू धुवायला काढलास. खिसे तपासलेस. पट्टी सापडली चिमीकडची. खिडकीशी नेऊन उजेडात धरलीस.” अण्णा छताकडे बघत होते. “मग परत खिशात ठेवलीस. आणि शर्ट परत खुंटीला लावलास. न धुता. मला वाटलं, तू विचारशील.”

“तुम्ही झोपला होता.”

“मी पडलो होतो.”

सात महिने झाले होते त्याला. सोमवारची दुपार होती, दुकान जेवणाच्या वेळेला बंद. पट्टीवर मागे मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती आणि तिला जवळचं दिसत नव्हतं. तिचा चष्मा खाली मशीनवर होता, चिमीनंच करून दिलेला, बारा पायऱ्या खाली. बारा पायऱ्या ती दिवसातून चाळीस वेळा चढे-उतरे. त्या दुपारी ती गेली नाही. वाचलं असतं तर बोलावं लागलं असतं. बोललं असतं तर चिमीचा डॉक्टर घरात आला असता, नवऱ्यानं म्हटलं असतं त्यालाच दाखवू, आणि मग डबा गेला असता. आणि आणखी एक होतं, ते तिनं स्वतःशीही धड उच्चारलं नव्हतं. चिमीच्या हातून काही चुकत असेल तर चुकू दे, असं तिला वाटलं होतं. फार नाही, थोडंसं. कुणाच्या तरी लक्षात येईल एवढं.

त्यानंतर अण्णा तीनदा पडले.

“तुम्ही का नाही बोललात?” तिचा आवाज फुटला.

“म्हातारपणी दोन घरी जेवायला मिळतं,” अण्णा म्हणाले. “एकीनं केलेलं दुसरीपेक्षा चांगलं व्हावं म्हणून धडपडतात. इतकं लाडाचं मी लहानपणीही खाल्लं नाही. गंमत वाटायची मला, पोरी. माझ्यावरून भांडतायत म्हणून.” त्यांनी तिच्याकडे मान वळवली. “मीच ठेवलं तसं. तुझ्या एकटीचं नाही ते.”

शर्टाचं ते कुणाला सांगणार नव्हतेच. हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं आणि हायसं वाटलं, आणि वाटल्याची लाज वाटली.

चिमी परत आली तेव्हा डोळे पुसून आली होती, पण नाक लाल राहिलं होतं. दादाच्या हातात औषधांची पिशवी. सिस्टरही आल्या. त्यांनी कागद उचलला. ओळ कोरीच होती.

“लिहिलं नाही?”

“मला एक सांगायचंय आधी,” वहिनी म्हणाली. ती उभी राहिली, म्हणजे खुर्चीवरून बोलावं लागू नये. “ती निळी पट्टी मी बघितली होती. सात महिन्यांपूर्वी, अण्णांच्या खिशात. मी वाचली नाही. वाचता आली असती, चष्मा होता. मी परत ठेवून दिली आणि कुणाला बोलले नाही.”

“का?” दादा म्हणाला.

चिमीनं विचारलं नाही. तिला लगेच कळलं होतं. डबा तिनंही कधी उघडला नव्हता. दर शुक्रवारी तो तिच्या टेबलावर येऊन बसायचा, आणि दर शुक्रवारी ती त्यावर वर्तमानपत्र टाकायची, दिसू नये म्हणून.

“तुला माहीत होतं,” ती हळू म्हणाली, “आणि आता मघाशी तू मला इथे बोलू दिलंस. सोमवार सोमवार वाच म्हणत होते मी. मला वेडी ठरू दिलंस.”

“हो, वन्सं.”

“सात महिने.”

“हो.”

“यांचं नाव लिहायचं नाही,” चिमी सिस्टरकडे वळली. “ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं.” सिस्टरनी पेन घेतलं, चष्मा चढवला आणि त्या कोऱ्या ओळीवर वहिनीचं नाव घातलं, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. “मी ही ओळ खूप जणांकडून भरून घेतलीय. सगळे म्हणतात आमचं काही चुकलंच नाही. या बाई यापुढे प्रत्येक पट्टीची मागची बाजू वाचतील. झोपेतसुद्धा वाचतील.” मग चिमीला म्हणाल्या, “आणि रविवारी येऊन तुम्ही त्यांनी भरलेला डबा मोजा. मोजाल ना नीट?”

“मी मोजेन,” चिमी म्हणाली. “एकेक कप्पा मोजेन.” हे धमकीसारखंच होतं.

“मोजा,” वहिनी म्हणाली.

दादानं घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा. बसचा रस्ता आठवून त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग कुणी ऐकला तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं.

“आज वार कोणता?” अण्णांनी मधेच विचारलं.

“शुक्रवार,” पोस्टमननी तत्परतेनं सांगितलं.

“माझं दाढीचं सामान द्या जरा.”

वहिनीच्या काळजात ओळखीची कळ आली. दर शुक्रवारी दुपारी चारला अण्णा आरशासमोर बसत. गाल फुगवून, हनुवटी वर करून, मन लावून दाढी करत. आठवड्यात एकदाच. चिमी यायची असे म्हणून. सहा वर्षं वहिनीनं ती पाण्याची वाटी भरून दिली होती आणि फेस धुऊन टाकला होता, आणि एकाही सोमवारी, मंगळवारी, बुधवारी त्यांना आरसा आठवला नव्हता. आता इतकं होऊनही शुक्रवार तो शुक्रवारच. तिनं पिशवीतून सामान काढलं. वाटीत पाणी घेतलं. मुकाट्यानं पुढे ठेवलं.

चिमीचा चेहरा उजळला. ती खुर्चीवर येऊन बसली आणि तिनं आरसा हातात घेतला. “करा अण्णा. सिस्टर, महिनाभर एकच घर म्हणालात, पण आजचा शुक्रवार तर...”

“आज कुठे नाही जायचं,” अण्णा म्हणाले. त्यांनी ब्रश भिजवला. “घरी जायचंय. सूनबाईबरोबर. असा दाढी वाढवून नको जायला. गिऱ्हाइकं असतात दुकानात, तिला बरं नाही दिसत.”

एवढं बोलायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. मग त्यांनी फेस लावला आणि गाल फुगवला.

वहिनी पाण्याची वाटी धरून उभी होती. तिनं नजर वर केली तर चिमी तिच्याकडेच बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे कोरडे आणि टोकदार. ती नजर वहिनीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सहा वर्षं दर शुक्रवारी दुकानाच्या दारातून रिक्षाकडे बघताना तिची स्वतःची नजर अशीच असे.

चिमीच्या हातातला आरसा हलत होता. अण्णांनी वस्तरा गालाला लावला होता आणि त्यांना आपला गाल सापडत नव्हता.

वहिनीनं वाटी खाली ठेवली, पुढे होऊन चिमीच्या मनगटाखाली आपला हात धरला.

“सरळ धर गं,” ती म्हणाली. “कापेल त्यांना.”